डाव्या हाताचा चोक

एअर फिल्टरचं झाकण काढून भिवाने ते कट्ट्यावर ठेवलं आणि बाजूला सरून जागा करून दिली.

"बघा टीचर. पण चष्मा सांभाळा. आत पडला तर गाडीला दिसायला लागेल."

फ्लॉरेन्सने चष्म्याची काडी धरली आणि ती इंजिनावर वाकली. फियाटच्या कार्ब्युरेटरचं तोंड उघडं पडलं होतं. लहान मुलाची मूठ जेमतेम शिरेल एवढं भोक, आणि त्यावर आडवा झाकलेला एक पातळ गोल पत्रा. हाच चोकचा फ्लॅप. गाडीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, आग्नेलोने, चावी फिरवली. इंजिन खोकलं, मग त्याने सूर धरला, आणि तो पत्रा एकदम जिवंत झाला. झोपलेल्या माणसाची पापणी थरथरते तसा थरथरायला लागला.

"हे कोण हलवतंय?" तिने विचारलं.

"कोण हलवणार? इंजिन श्वास ओढतंय. पत्र्याची दांडी बरोबर मधोमध नाही, एका अंगाला आहे, दिसली? श्वास ओढला की पत्रा जरा खेचला जातो, स्प्रिंग त्याला परत लावते. मागे वायर आहे, ती थेट अंकलच्या डॅशबोर्डखालच्या घुंडीपर्यंत."

फ्लॉरेन्सने माटुंग्याच्या कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलं होतं. अरुंद जागेतून धावणाऱ्या हवेचा दाब उतरतो, ही आकृती तिने इतक्या वेळा काढली होती की फळ्यालाही ती पाठ झाली असावी. आता पत्र्याच्या फटीतून तिला खाली पेट्रोलचा बारीक फवारा दिसत होता. त्याला कोणी ढकलत नव्हतं. हवा धावत होती एवढ्याच कारणाने तो आपण होऊन वर येत होता, त्याचं धुकं होत होतं आणि ते धुकं क्षणात आत नाहीसं होत होतं. चर्चच्या दारात पुरुष टोपी काढतात, तसं काहीतरी इथे करायला हवं असं तिला वाटून गेलं.

"चोकचं काम एवढंच," भिवा म्हणाला. "इंजिन गार असताना हवा कमी, पेट्रोल जास्त. तापत जाईल तशी हवा सोडायची. सोडायला विसरलात की पोट फुगतं. मग काळा धूर. मागल्या लग्नात झालं ते."

"कळलं," फ्लॉरेन्स म्हणाली. मागल्या लग्नाचा विषय तिला गाडीच्या इतक्या जवळ नको होता.

गिरगावातल्या त्यांच्या वाडीत नवरी चर्चला जायची ती आग्नेलोच्याच फियाटमधून. पुढे बँड, मागे बायका, आणि मधे पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने गाडी. नाक्यावरचा क्रूस मागे पडेपर्यंत ती थांबता कामा नये. थांबली तर नवरीचं मन माहेरीच अडकून राहतं, असं जुन्या बायका सांगायच्या. नव्या बायका हसायच्या, पण आपल्या मुलीच्या वेळी त्यांचेही डोळे चाकांवर असायचे. आग्नेलोची गाडी कधी थांबली नव्हती. थांबली ती गेल्या वर्षी, त्याच्या धाकट्या भावाच्या, आल्विनच्या थोरल्या मुलीच्या, सॅशाच्या लग्नात. क्रूस समोर दिसत असताना गाडीने गचके खाल्ले, काळ्या धुराचा लोट सोडला आणि मान टाकली. सॅशा गाऊन उचलून त्या धुरातून चर्चपर्यंत चालत गेली. गाऊनच्या लांब घोळावर बसलेली काजळी कुठल्याही लाँड्रीत निघाली नाही.

चोक पूर्ण ओढलेला तसाच राहिला होता. का राहिला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आग्नेलोची सगळी नोकरी गोदीत, बॉयलरच्या पोटात, हातोड्यांच्या दणदणाटात झाली होती. नोकरी संपल्यावर त्याला घरी पाठवलं, कान मात्र ठेवून घेतले. आता दोन्ही कानांत मशीन घातली की समोरच्याचं बोलणं जेमतेम कळायचं, आणि बँड सुरू झाला की मशीनमध्ये नुसता बँडच शिरायचा. इंजिन ऐकू आलं नाही, म्हणून चोक आत ढकलला गेला नाही. सरळ हिशेब होता.

आता सॅशाच्या धाकट्या बहिणीचं, जोॲनाचं लग्न तोंडावर आलं होतं. ख्रिसमसच्या केकचा शेवटचा तुकडा खाता खाता आल्विनने विषय काढला होता.

"वहिनी, भाड्याची गाडी बघून ठेवलीय. पांढरी, लांब, एसी. दादाला तू सांग."

"तूच सांग ना."

"मी सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागेल. अख्ख्या वाडीला कळेल, त्यालाच तेवढं कळणार नाही."

फ्लॉरेन्स हसली नाही. मोठ्याने हसणं तिला तसंही जमत नसे. "चोक आपोआप सुटेल अशी सोय केली तर?" तिने विचारलं. "मग ऐकू येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही."

आल्विनने बोटं चाटली. "क्रूसाच्या आधी थांबणार नाही?"

"नाही."

"मग कर. लग्नाच्या आधीच्या रविवारी मला दाखव. पटलं तर दादाची गाडी, नाहीतर भाड्याची. माझी एक मुलगी धुरातून गेली, दुसरी नाही जाणार."

बोलणं चुकीचं नव्हतं. पण फ्लॉरेन्स गेली काही वर्षं आग्नेलोला एकेक गोष्ट खाली ठेवताना बघत होती. आधी चर्चमध्ये गाणाऱ्या क्वायरमधून तो बाहेर पडला. मग फोन गेला. मग संध्याकाळचा पत्त्यांचा डाव, कारण चार जण एकदम बोलले की त्याला चिडल्यासारखं व्हायचं. आता राहिली होती फियाट. रोज सकाळी तो खाली जाऊन ती चालू करायचा आणि तिच्यात बसून राहायचा. "गाडी येते मला ऐकू," असं तो म्हणायचा. कानाच्या डॉक्टरलाही त्याने हेच सांगितलं होतं, तर डॉक्टर हसला होता. नवरीला चर्चला नेण्याचं कामही गेलं तर तो वर खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसेल, आणि मग तिथून उठणार नाही. ती खुर्ची फ्लॉरेन्सला आत्तापासून दिसत होती.

म्हणून तिने डिलाईल रोडच्या मेकॅनिकला, भिवाला बोलावलं होतं. फियाटचा मूळचा कार्ब्युरेटर केव्हाच बाद झाला होता. आताचा भिवाच्याच वडिलांनी कधीतरी शोधून आणून बसवलेला, म्हणजे त्याच्या नाड्या भिवाला माहीत होत्या.

"मला विचाराल तर पत्राच काढून टाका," भिवा म्हणाला. "मुंबईत कसली थंडी, टीचर? स्वेटर घालतात ते फोटो काढायला. ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, गाडी चालू."

"करून बघू," फ्लॉरेन्स म्हणाली. करून न बघता नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

भिवाने पत्रा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालूही झाली, भिवाने कॉलर ताठ केली, आणि आग्नेलोने पहिला गिअर टाकून बँडच्या चालीने ती हळूहळू पुढे काढताच शेजारच्या फाटकासमोर ती फुसकन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. जोरात पळवली असती तर गेली असती, पण नवरीची गाडी पळवत नाहीत.

"हिला थंडी वाजते," आग्नेलो खिडकीतून म्हणाला. "भिवाला सांग, फोटो काढायला नाही, खरोखर वाजते."

भिवाने निमूटपणे पत्रा परत बसवला. राहिला विजेवर चालणारा चोक. तो फ्लॉरेन्सने स्वतः ऑपेरा हाउसच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानांमधून फिरून आणला. भिवाने सांगितलेलं माप दाखवल्यावर दुकानदाराने वरच्या फळीवरून धुळीने माखलेली डबी काढली आणि म्हणाला, "बाई, या कार्ब्युरेटरला विचारणारा बऱ्याच वर्षांनी आला."

घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबी उघडली. काळं गोल झाकण, आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी धातूची पट्टी. दोन धातू पाठीला पाठ लावून चिकटवलेले, उष्णतेने एक जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. गाडी चालू झाली की वीज तिला तापवणार, ती वाकणार आणि चोकचा पत्रा उघडत नेणार. कॉलेजच्या लॅबमध्ये तिने ही पट्टी चिमट्यात धरून बर्नरवर वाकवून दाखवली होती. मुली वहीत आकृती काढायच्या, घंटा वाजायची, पट्टी कपाटात जायची. ती पट्टी पुढे जगात काय काम करते, हे तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

तिने डबी दोन्ही तळव्यांत धरली. ती नुसती बसून राहिली. हळूहळू पट्टीचं टोक सरकायला लागलं. डोळ्यांना हालचाल कळत नव्हती, पण मघाशी खुणेपाशी असलेलं टोक आता खुणेच्या पलीकडे होतं. बर्नर नाही, बॅटरी नाही, फक्त तिच्या हातांची ऊब. धातूच्या त्या गुंडाळीला ऊब कळत होती आणि कळल्यावर काय करायचं तेही कळत होतं. तिने डबी खाली ठेवली, टोक परत फिरलं. तिने ती पुन्हा उचलली. चहा गार होऊन गेला तरी तिचं हे चालू होतं.

"काय गो, अंडं उबवतेस?" आग्नेलोने दारातून विचारलं.

तिने ओठ नीट हलवून सांगितलं, "हे बसवलं की तुला चोककडे बघायला नको. आपोआप सुटेल."

त्याने डबी हातात घेतली, उलटसुलट केली. "चांगलं आहे," तो म्हणाला आणि डबी परत टेबलावर ठेवली. ज्या हलक्या हाताने त्याने क्वायरची टाय कपाटात ठेवली होती, अगदी तशाच.

रविवारी भिवा यायचा होता. शनिवारी सकाळी फ्लॉरेन्स स्वयंपाकघरात भांडी विसळत होती आणि खाली फियाट चालू झाली. चोक पूर्ण ओढलेला होता, हे आता तिलाही आवाजावरून कळत असे. इंजिन जड, घोगरं, घाईघाईने बोलत होतं. मग तो आवाज एक पायरी खाली उतरला, जरा मोकळा झाला. थोड्या वेळाने आणखी एक पायरी. प्रत्येक वेळी तो अडखळायच्या बेतात यायचा, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी त्याला हलकेच पुढे सोडायचं. शेवटी तो इतका सारखा झाला की गाडी चालू आहे हे विसरायला व्हावं.

हात पुसायला ती वळली आणि तिची नजर खिडकीतल्या बशीवर गेली. आग्नेलो रात्री कानाची मशीन काढून त्या बशीत ठेवायचा. दोन्ही मशीन बशीतच होती.

ती तशीच ओल्या हातांनी खाली गेली. शेडमध्ये गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती, काचा बंद. आत आग्नेलो समोर भिंतीकडे बघत बसला होता, डावा हात डॅशबोर्डखाली. तिने मागून हाक मारली. त्याने मान वळवली नाही. तिने आणखी मोठ्याने, अगदी वाडीत ऐकू जाईल अशी हाक मारली. बाजूच्या घरातलं कुत्रं भुंकलं, आग्नेलो हलला नाही. आणि तेवढ्यात इंजिनाच्या आवाजात एक केसाएवढी खोट आली. कोणी बोलता बोलता आवंढा गिळावा तशी. काचेतून तिला दिसलं, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे सरकली, आणि आवाज परत सरळ झाला.

हाक न ऐकू येणाऱ्या माणसाने तो आवंढा ऐकला होता.

तिने पुढून जाऊन दार उघडलं आणि ओठ त्याला नीट दिसतील अशी ती त्याच्याकडे वळून शेजारी बसली.

"मशीन घरी आहेत तुझी."

"गाडीला कशाला मशीन? गाडी येते मला ऐकू. सांगितलं तर हसता तुम्ही."

"मी हसले नव्हते."

"डॉक्टर हसला. तू त्याच्याकडे बघून मान हलवलीस."

हे खरं होतं. तिने ओले हात कपड्यांना पुसले. मग म्हणाली, "उद्या भिवा आल्यावर मी तुझी परीक्षा घेणार आहे."

"नापास केलंस तर?"

"आधी पेपर तर दे."

रविवारी चर्चमध्ये मासची प्रार्थना संपवून भिवाला सोबत घेऊनच ती शेडमध्ये आली. डबी आणली होती, पण तिने ती पिशवीतून काढली नाही. आग्नेलोला मशीन काढून गाडीत बसवलं, धूर दिसू नये म्हणून आरशांवर नॅपकिन टाकले, काचा वर केल्या. बॉनेट उघडल्यामुळे समोर काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. चोकची घुंडी अर्धी ओढलेली ठेवून त्याने तिच्यावर हात ठेवायचा. भिवाने कार्ब्युरेटरचा स्क्रू मनात येईल तसा फिरवायचा, कधी पेट्रोल वाढवायचं, कधी तोडायचं. फ्लॉरेन्स आग्नेलोशेजारी बसणार, म्हणजे भिवाने काय केलं ते तिलाही ठाऊक नसणार.

"टीचर, बोर्डाची परीक्षा पण इतकी कडक नसते," भिवा म्हणाला.

"तुझा चेहरा बघून त्याला उत्तर कळू नये म्हणून बॉनेट."

इंजिन चालू झालं. थोड्या वेळाने आग्नेलो म्हणाला, "तुडुंब." बॉनेटच्या मागून भिवाचा आवाज आला, "बरोबर. सोडलंय मी पेट्रोल." मग आग्नेलो म्हणाला, "उपाशी." तेही बरोबर. मग त्याने घुंडीवर बोटं नीट टेकवून बराच वेळ अंदाज घेतला आणि म्हणाला, "भिवाने काही केलंच नाही, नुसता उभा आहे." बॉनेटमागून शिवी ऐकू आली, तीही मालवणीत, म्हणजे मनापासून.

याच सुमाराला आल्विन येऊन पोचला. नॅपकिन घातलेले आरसे आणि बंद काचांमागे बसलेली भाऊ-वहिनी बघून तो भिवाला म्हणाला, "हे काय, गाडी आजारी आहे की हे दोघं?"

"गप बस नि बघ," भिवा म्हणाला.

फ्लॉरेन्स आत विचार करत होती. कान नाहीत, हे नक्की. मग काय? इंजिनाची थरथर सीटमधून, फरशीतून येतेच, ती तिलाही जाणवत होती. तिने आग्नेलोला खुणेने हात घुंडीवरून काढून मांडीवर ठेवायला सांगितला. तो एकदा चुकला. पुन्हा चुकला. मग गोंधळून तिच्याकडे बघत म्हणाला, "गेला. आवाज गेला."

तिने त्याचा हात परत घुंडीवर ठेवला.

"आला," तो म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आवाज. इतकी वर्षं तो ज्याला आवाज म्हणत होता तो कानातून येतच नव्हता. त्या पापणीसारख्या पत्र्याची थरथर वायरीतून चालत चालत घुंडीपर्यंत यायची, त्याच्या बोटांत शिरायची आणि आत कुठेतरी तिचा आवाज व्हायचा. कान असताना दोन्ही एकत्र यायचे, म्हणून वेगळे कळले नव्हते. मग कान गेले आणि हात काही न बोलता त्यांच्या जागी उभा राहिला. शिकवताना ती सांगायची की ध्वनी म्हणजे कंपन, बाकी काही नाही. वाक्य बरोबर होतं. पण ते किती मोठं आहे ते तिला आज, या पेट्रोलच्या वासाच्या गाडीत बसून कळत होतं.

एक खात्री करायची राहिली होती. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याच्या आणि घुंडीच्या मधे घडी करून धरला. "आता?"

आग्नेलोने डोळे मिटले. बोटांनी रुमाल दाबला. "काही नाही," तो म्हणाला. "रुमाल आहे मधे."

तो पांढरा रुमाल दोघांनी एकदमच पाहिला.

"हातमोजे," फ्लॉरेन्स म्हणाली.

सॅशाच्या लग्नाच्या आधी आग्नेलोच्या हातात कधीच नव्हते ते. फोटोत शोभा येईल म्हणून जोॲनाने शिवून आणले होते, जाड पांढऱ्या कापडाचे, वर कडक स्टार्च केलेले. ड्रायव्हर कसा राजाच्या गाडीवरचा दिसला पाहिजे! आग्नेलोला ते आवडलेही होते. बँड वाजत होता, सगळे त्याच्या कानांची काळजी करत होते, आणि कोणी कल्पनाही केली नाही की आपण त्याच्या हाताचेच कान बंद केले आहेत.

काच खाली करून तिने आल्विनला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून त्याने भिवाला बाजूला सारून स्वतः स्क्रू फिरवला. आग्नेलो आतून म्हणाला, "तुडुंब. आणि हा भिवा नाही, आल्विन आहे. इतका घाबरत घाबरत भिवा नाही फिरवत."

आल्विनने स्क्रूड्रायव्हर भिवाच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "ठीक आहे वहिनी. पण ती विजेची डबीसुद्धा बसव ना. दोन्ही असू देत."

"दोन्ही नाही बसत," भिवा म्हणाला. "डबी लावली की वायर निघाली, घुंडी निघाली. एक काय ते ठरवा."

"ती डबी चांगली नाही का?"

"फार चांगली आहे," फ्लॉरेन्स म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणत होती. पिशवीत हात घालून तिने डबीला स्पर्श केला, आत ती पट्टी तिच्या बोटांची ऊब ओळखत असणार. "ती बसवली तर गाडी थांबणार नाही. पण हा बहिरा होईल."

आल्विनने भावाकडे पाहिलं. आग्नेलोला यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. तो घुंडीवर दोन बोटं ठेवून, डोळे मिटून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर गाणं ऐकणाऱ्या माणसाचा भाव होता.

"भाड्याच्या गाडीला नाही म्हणून सांगतो," आल्विन म्हणाला. "पण क्रूसाच्या आधी थांबली, तर मी स्वतः उतरून ढकलेन आणि आयुष्यभर बोलून दाखवेन."

लग्नाच्या दुपारी जोॲना गाऊन सावरत शेडपाशी आली आणि तिने गेल्या वर्षीचे ते हातमोजे पर्समधून काढले. आग्नेलोने उजवा घेतला आणि घातला. डावा परत तिच्या हातात ठेवला.

"अंकल, फोटोत एक हात उघडा दिसेल."

"खिडकीतून उजवा दिसतो. तो तुझा," आग्नेलो म्हणाला. "डावा माझा."

जोॲना आणि आल्विन मागे बसले, फ्लॉरेन्स पुढे आग्नेलोजवळ. बँड बॉनेटला चिकटूनच उभा होता. आग्नेलोने मशीन काढून तिच्या पर्समध्ये टाकली. कशाला उगीच कानाला त्रास, असा त्याचा चेहरा होता. चावी फिरली, चोक ओढला गेला, पहिला गिअर पडला, आणि त्याच क्षणी ट्रम्पेट, ड्रम, झांजा सगळं एकदम फुटलं. काचा थरथरल्या. फ्लॉरेन्सला इंजिन तर सोडाच, स्वतःचा श्वास ऐकू येईना. शिकलेले, धडधाकट कान घेऊन गाडीत बसलेली चौघांतली तिघं आता ठार बहिरी होती.

गाडी सरकत होती. बायका मागून चालत होत्या. घरांच्या व्हरांड्यांतून तांदूळ आणि फुलं पडत होती. मागच्या सीटवर आल्विन पुटपुटत जपमाळ ओढत होता, ते तिला आरशात दिसलं.

आग्नेलोने डावा हात तिच्याकडे केला, तिचा हात धरला आणि घुंडीवर, आपल्या बोटांशेजारी ठेवला.

आधी काही कळलं नाही. नुसती गाडीची थरथर, जी सगळीकडेच होती. तिने डोळे मिटले. मग त्या थरथरीच्या खाली दुसरी एक थरथर आहे हे कळलं. बारीक, नेमकी, धडधडणारी. बँडशी तिचा काही संबंध नव्हता, ती आपल्या ठेक्यात चालली होती. पापणी. फ्लॉरेन्सला ती झाकणाखालची पापणी दिसली, तिच्यामागचं धुकं दिसलं, श्वास घेणारं इंजिन दिसलं. मग त्या धडधडीमध्ये एक जागा मोकळी गेली. पायरी चुकावी तशी.

तिने आग्नेलोकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. पण त्याने आपली बोटं घुंडीवरून उचलली आणि तिची तिथेच राहू दिली.

तिने हळूच घुंडी पुढे ढकलली. थोडीशीच. धडधड परत सरळ झाली, आणि आता ती अधिक खोल, अधिक निवांत होती.

तिने पुढची खूण यायची वाट पाहिली. ती आली, तिने ढकललं. मग पुन्हा. शेवटी घुंडी डॅशबोर्डला टेकली आणि तिच्या बोटांखाली फक्त एक सारखी, भरलेली शांतता राहिली. ती तशीच हात ठेवून बसली.

मागून आल्विनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिने डोळे उघडले. तो काहीतरी बोलत होता, बँडमुळे ऐकू येत नव्हतं. त्याने मागे बोट दाखवलं. ती वळली. मागच्या काचेतून, बायकांच्या डोक्यांवरून, फुलांचा हार घातलेला नाक्यावरचा क्रूस लांब जाताना दिसत होता.